पडद्यातल्या फटी आणि दिवसाला तीन वेळा थेंब: रेटिनोस्किसिस असलेल्या मुलांच्या पालकांसाठी

चष्मा लावूनही फळ्यावरचं दिसत नाही. नंबर दोनदा बदलून झाला. कुणीतरी ‘आळशी डोळा’ आहे म्हणून चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधायला सांगितली, तीही काही महिने बांधून झाली. शेवटी डोळ्याच्या पडद्याच्या (रेटिनाच्या) डॉक्टरांनी ओसीटी, म्हणजे पडद्याचे थर दाखवणारं स्कॅन, काढली आणि सांगितलं की मुलाच्या पडद्याच्या मधोमध थर सुटलेत, फटी पडल्यात. आजाराचं नाव एक्स-लिंक्ड ज्युव्हेनाइल रेटिनोस्किसिस, थोडक्यात एक्सएलआरएस. बऱ्याच घरांत हे नाव याच वाटेने पोचतं. कधीकधी त्याच दिवशी चिठ्ठीवर एक ड्रॉपही लिहून मिळतो: डोर्झोलामाइड २ टक्के, दोन्ही डोळ्यांत, दिवसातून तीन वेळा. मेडिकलमध्ये बाटली घेताना कळतं की हा तर काचबिंदूचा ड्रॉप. मग घरी येईपर्यंत मनात नाही नाही ते प्रश्न उभे राहतात.

हा लेख त्या बाटलीचं काय करायचं याबद्दल आहे. माझं सांगणं एवढंच की हा ड्रॉप मोजून वापरायचा उपचार आहे. सुरू करण्याआधी मोजमाप नसेल तर सहा महिन्यांनी तो चालू ठेवायचा की बंद करायचा हे कुणालाच सांगता येत नाही, आणि पोर मात्र रोज तीन वेळा डोळे चोळत बसतं. ड्रॉप द्यायचा की नाही, हे तुमच्या मुलाला तपासलेले पडद्याचे डॉक्टरच ठरवतील. तो नीट दिला जातो की नाही आणि त्याचा हिशेब राहतो की नाही, हे मात्र घरच्यांच्या हातात असतं.

आधी आजार समजून घ्या

आपल्या डोळ्याचा पडदा एकावर एक अशा अनेक थरांचा असतो. हे थर एकमेकांना धरून राहावेत म्हणून पडद्यातल्याच पेशी रेटिनोस्किसिन नावाचं एक प्रथिन तयार करून बाहेर सोडतात. गोधडीचे टाके जसे वरचं आणि खालचं लुगडं एकत्र धरतात, तसं या प्रथिनाचं काम. ते तयार करण्याची कृती आरएस-१ नावाच्या जनुकात असते. १९९७ साली या जनुकाचा शोध लागला. जनुकात बिघाड असला की टाके कच्चे राहतात, थर सुटतात आणि मधल्या जागेत पाणी साठून बारीक बारीक पोकळ्या होतात. बारीक अक्षर वाचायला, चेहरा ओळखायला आपण पडद्याचा जो मधला भाग वापरतो, तिथेच हे जवळपास प्रत्येक रुग्णात घडतं. निम्म्याच्या आसपास मुलांमध्ये पडद्याच्या कडेलाही मोठी फट असते.

जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे आजार जवळजवळ नेहमी मुलग्यांना होतो. साधारण ५,००० ते २५,००० मुलग्यांमागे एक, असं प्रमाण सांगितलं जातं. सहसा शाळेच्या पहिल्या काही वर्षांत तो लक्षात येतो. काही बाळांत मात्र तिरळेपणा किंवा डोळ्यांची थरथर यामुळे आधीच कळतो. चष्मा लावून नजर बहुधा ६/१८ ते ६/६० च्या दरम्यान असते (६/१८ म्हणजे इतरांना १८ मीटरवरून दिसतं ते या मुलाला ६ मीटरवरून दिसतं). पहिल्या वीसेक वर्षांत ती थोडी खालावते आणि मग बऱ्याच जणांची पुढे अनेक वर्षं बऱ्यापैकी स्थिर राहते. पूर्ण अंधत्व येईलच असं मुळीच नाही. हे पहिल्याच दिवशी आईवडिलांना सांगितलं गेलं पाहिजे, आणि गर्दीच्या ओपीडीत नेमकं तेच राहून जातं.

निदान पक्कं आहे ना, हे विचारायला संकोच करू नका. पडद्याच्या मध्यभागी पाण्याच्या पोकळ्या इतर आजारांतही दिसतात: रेटिनायटिस पिगमेंटोझामध्ये, डोळ्याच्या आतल्या सुजेमध्ये. सुजेचे उपचार वेगळे असतात, त्यात स्टेरॉइडही येतात, आणि एक्सएलआरएसमध्ये त्यांचा उपयोग नसतो. फरक ओळखायला डॉक्टर ईआरजी ही तपासणी करतात. तिच्यात पडद्याचा विजेचा प्रतिसाद मोजला जातो आणि या आजारात त्यातली बी-वेव्ह नावाची लाट खास करून खुजी झालेली दिसते. शेवटचा शिक्का जनुकीय रक्ततपासणीचा. तिच्याबद्दल पुढे.

काचबिंदूचा ड्रॉप इथे काय करतो

डोर्झोलामाइड हे कार्बोनिक अनहायड्रेज नावाचं विकर (एन्झाइम) अडवणारं औषध. डोळ्याच्या पुढच्या भागात हे विकर डोळ्यातलं पाणी तयार करायला मदत करतं, म्हणून ते अडवलं की डोळ्याचा दाब उतरतो. हा झाला काचबिंदूचा उपयोग. पण तेच विकर पडद्याच्या मागे असलेल्या रंगद्रव्याच्या थरातही असतं. पडद्यातलं पाणी मागे रक्तवाहिन्यांकडे खेचून घेणं हे त्या थराचं एक काम. तिथलं विकर अडवलं की आम्लतेचं गणित बदलतं आणि पाणी बाहेर नेणारा हा पंप जोर धरतो, असं मानलं जातं. त्यामुळे पोकळ्या आकसतात.

शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठात जेराल्ड फिशमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली एक्सएलआरएसच्या आठ रुग्णांवर हा ड्रॉप वापरल्याचे निष्कर्ष छापले. बहुतेकांच्या पोकळ्या लहान झाल्या आणि काहींना तक्त्यावरची आणखी काही अक्षरं वाचता आली. त्यानंतर इतर देशांतूनही असेच लहान लहान अभ्यास आले आणि या उपचाराचा पाया मुख्यतः त्यांच्यावरच उभा आहे. म्हणूनच बाटलीसोबतच्या कागदावर एक्सएलआरएसचं नाव सापडत नाही. त्याने घाबरून जाऊ नका. लहान मुलांच्या काचबिंदूतही हे औषध वर्षानुवर्षं वापरलं जातं. पण कुणी ‘याने पडदा जुळून येतो’ असं सांगत असेल तर ते खरं नाही. ड्रॉप साठलेलं पाणी कमी करतो, कच्चे टाके पक्के करत नाही. काही मुलांमध्ये तो छान लागू पडतो, काहींमध्ये एकाच डोळ्यात, काहींमध्ये अजिबात नाही, आणि कुणाला लागू पडेल हे आधी सांगता येत नाही. मोजमापाचा माझा आग्रह यासाठीच आहे.

बाटली उघडण्याआधी

पहिली गोष्ट, ओसीटी. यात ना सुई, ना क्ष-किरण. मुलाने हनुवटी टेकवून काही सेकंद एका खुणेकडे बघायचं, बस्स. चार-पाच वर्षांपुढची बरीच मुलं हे करतात. त्याहून लहानांसाठी किंवा डोळे थरथरणाऱ्या मुलांसाठी काही मोठ्या रुग्णालयांत हातात धरायचं मशीन असतं. ड्रॉपचा पहिला थेंब पडण्याआधीची ओसीटी तुमच्या फाइलमध्ये असलीच पाहिजे, रंगीत छापील प्रत आणि जमल्यास मोबाइलमध्येही. तिच्यावर मधल्या वर्तुळातली पडद्याची जाडी मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरच्या हजाराव्या भागात) लिहिलेली असते. निरोगी डोळ्यात ती साधारण २५० मायक्रॉनच्या आसपास, मशीनगणिक थोडी कमी-जास्त. एक्सएलआरएसमध्ये ती बरीच वाढलेली असू शकते. दोन्ही डोळ्यांचे आकडे वहीच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहून ठेवा.

दुसरी गोष्ट, नजर. ती नव्या, बरोबर चष्म्यासह मोजलेली हवी. या मुलांना बऱ्याचदा प्लसचा नंबर असतो. चष्मा आणि ड्रॉप एकाच आठवड्यात सुरू केले आणि नजर सुधारली, तर श्रेय कुणाचं ते कळणार नाही. आधी चष्मा, तो लावून काही आठवडे, मग मोजणी, मग ड्रॉप, असा क्रम ठेवता येईल का हे डॉक्टरांना विचारा.

तिसरी गोष्ट तुम्ही आपणहून सांगायची आहे. मुलाला कधी सल्फाच्या औषधाने अंगावर पुरळ उठलं होतं का? डोर्झोलामाइड त्याच कुळातलं आहे. मूत्रपिंडाचा काही आजार आहे का? दमा आहे का, किंवा थंडीत पंप वापरावा लागतो का?

दम्याचा प्रश्न एका ठरावीक कारणासाठी. डोर्झोलामाइड बाजारात दोन रूपांत मिळतं: नुसतं, आणि टिमोलॉल या दुसऱ्या औषधाबरोबर मिसळलेलं. मिश्रणाच्या नावाशेवटी अनेकदा ‘टी’ जोडलेला असतो, बाकी नाव आणि खोका जवळपास सारखाच. काचबिंदूच्या रुग्णांत हे मिश्रण भरपूर खपतं, त्यामुळे काउंटरवरून तेच हातात पडायची शक्यता असते. टिमोलॉलने दमा उसळू शकतो आणि हृदयाचे ठोके मंदावू शकतात. लहान मुलांत ही जोखीम आणखी गंभीर. एक्सएलआरएससाठी त्याची गरजही नाही. म्हणून खोक्यावर ‘डोर्झोलामाइड’ एवढंच एक औषध लिहिलंय ना, हे दर वेळी दुकानातच उभं राहून वाचा. नुसतं डोर्झोलामाइड संपलं असेल तर दोन दिवस थांबा किंवा दुसरं दुकान गाठा, पण ‘तेच आहे हो’ या शब्दावर बदली बाटली घेऊ नका. डॉक्टरांनी ब्रिंझोलामाइड १ टक्का लिहिलं असेल तर ते याच जातीचं भावंड आहे. ते दुधट दिसतं, वापरण्याआधी हलवावं लागतं आणि सहसा कमी झोंबतं.

थेंब टाकायचा कसा

इथे घाई करू नका. नीट न टाकलेला ड्रॉप गालावरून ओघळून जातो आणि आपण म्हणतो, औषध लागू पडलं नाही.

हात साबणाने धुवा. मुलाला पलंगावर उताणं झोपवा, मानेखाली उशी नको. चष्मा काढा. मोठा मुलगा कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असेल तर ती काढून ठेवा आणि थेंबानंतर १५ मिनिटांनी घाला, कारण बाटलीतला परिरक्षक (प्रिझर्व्हेटिव्ह) लेन्समध्ये शिरतो. आता डाव्या हाताच्या बोटाने खालची पापणी अलगद खाली ओढा. पापणी आणि डोळा यांच्यामध्ये एक खिसा तयार होतो. मुलाला वर, तुमच्या कपाळाकडे बघायला सांगा. उजव्या हातातली बाटली डोळ्याच्या वर बोटभर अंतरावर धरा, हात थरथरत असेल तर मनगट मुलाच्या कपाळावर टेकवा, आणि त्या खिशात एक थेंब सोडा. एकच. डोळ्यात जेमतेम एका थेंबाचीच जागा असते, दुसरा वाया जातो. बाटलीचं टोक पापणीला, पापणीच्या केसांना, बोटाला, कशालाही लागता कामा नये.

थेंब पडल्यावर मुलाने डोळा हलका मिटायचा. गच्च मिटला किंवा फडफडवला की औषध बाहेर ढकललं जातं. मग नाकाच्या बाजूला, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर बोटाने हलकेच दाबून धरा, दोन मिनिटं. तिथून एक बारीक नळी नाकात आणि पुढे घशात उतरते. ती दाबली की औषध डोळ्यात टिकतं, रक्तात कमी जातं आणि घशात तो कडू स्वाद कमी येतो. मुलं या ड्रॉपचा सर्वात जास्त राग राग करतात ते त्या कडूपणापायी, त्यामुळे ही दोन मिनिटं दुहेरी कामाची. या वेळात गोष्ट सांगा, पाढे म्हणून घ्या, नाहीतर मुलाचं आवडतं गाणं लावा. मग दुसरा डोळा. दुसऱ्या कुठल्या औषधाचाही ड्रॉप असेल तर मध्ये किमान दहा मिनिटं जाऊ द्या.

तीन-चार वर्षांचं पोर डोळा उघडतच नसेल तर झटापट करू नका. त्याला उताणं झोपवून डोळे मिटूच द्या. मिटलेल्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात, नाकाजवळच्या खोबणीत, थेंब ठेवा आणि मग डोळा उघडायला सांगा. थेंब आपोआप आत सरकतो. आजी-आजोबांना ही रीत आधी शिकवून ठेवा, कारण आईबाबा कामावर असताना दुपारचा थेंब बहुतेक घरांत त्यांच्याच वाट्याला येतो.

सुरुवातीला काही सेकंद झोंबतं. ‘काही होत नाही’ असं खोटं सांगू नका. ‘थोडं चुरचुरेल, दहा अंक मोजेपर्यंत थांबेल’ असं सांगितलेलं मूल दुसऱ्या दिवशीही डोळा पुढे करतं.

दिवसाचं वेळापत्रक आणि बाटलीचा हिशेब

तीन वेळा म्हणजे साधारण आठ-आठ तासांनी, पण शाळेच्या मुलाला घड्याळाच्या काट्यावर ते जमत नाही आणि त्यासाठी शाळेत बाटली पाठवायचीही गरज नाही. सकाळी निघताना, घरी परतल्यावर आणि रात्री झोपताना, ही वेळ बहुतेकांना पाळता येते. दात घासणं, डबा ठेवणं, अंथरूण घालणं अशा रोजच्या कामाला थेंब जोडून टाका. एखादी वेळ चुकली तर आठवेल तेव्हा टाका, पुढच्या थेंबाची वेळ झालीच असेल तर चुकलेला सोडून द्या. दोन एकदम टाकून भरपाई होत नाही.

दोन डोळे आणि तीन वेळा म्हणजे दिवसाला सहा थेंब. चार आठवड्यांना १६८. साध्या ५ मिलीच्या बाटलीत इतके थेंब निघतीलच असं नाही, एखादा गालावर सांडतोच. तेव्हा बाटली तीन-साडेतीन आठवड्यांत संपली तर चुकतंय असं समजू नका. उलट महिना उलटूनही बरीच शिल्लक असेल तर थेंब चुकताहेत. बाटलीवर उघडल्याची तारीख पेनने लिहा आणि २८ दिवसांनंतर उरलेलं औषध टाकून द्या. सुटीला गावी जाताना एक न उघडलेली बाटली बरोबर घ्या. तालुक्याच्या ठिकाणी नुसतं डोर्झोलामाइड मिळेलच याचा भरवसा नसतो आणि तिथेच ते ‘टी’वालं मिश्रण गळ्यात पडतं.

कोणता त्रास चालतो, कोणता नाही

क्षणभर झोंबणं, पाच मिनिटं धूसर दिसणं, तोंडाला कडू चव या गोष्टी चालण्यासारख्या. पण पापण्या सुजल्या, डोळे लाल होऊन सतत खाजू लागले, पापणीची कातडी कोरडी पडून सोलवटली, तर ती ॲलर्जी असू शकते. कधीकधी ती कित्येक महिन्यांनीसुद्धा उमटते. ड्रॉप थांबवून डॉक्टरांना फोन करा. उजेडाने डोळा दुखणं, सतत पाणी येणं, डोळा उघडता न येणं यांत बुबुळाला बाधा झालेली असू शकते, तेव्हा त्याच दिवशी दाखवा. अंगभर पुरळ, तोंडात फोड, चेहरा सुजणं, धाप लागणं असं काही झालं तर नेत्ररुग्णालय न शोधता सरळ जवळच्या मोठ्या दवाखान्यात जा आणि बाटली बरोबर न्या.

फरक पडला की नाही, हे कसं ठरवायचं

साधारण एक ते तीन महिन्यांत पुन्हा ओसीटी होते. ती शक्यतो त्याच मशीनवर काढून घ्या. वेगवेगळ्या कंपन्यांची मशीनं जाडी वेगवेगळ्या रेषांपासून मोजतात, त्यामुळे पुण्यातल्या एका मशीनचा आकडा मुंबईतल्या दुसऱ्या मशीनच्या आकड्याशी ताडून पाहिला तर गफलत होते. दिवसाची वेळही आधीसारखीच जमली तर उत्तम. जाडीचा आकडा वहीत आधीच्या आकड्याखाली लिहा आणि नजर त्याच्या शेजारी.

आता एक गोष्ट पालकांना पचायला जड जाते. जाडी कमी झाली म्हणून नजर वाढेलच असं नाही. फटीमुळे पेशींची मधली जोडणीच तुटलेली असेल तर पाणी उतरूनही नजर तिथेच राहते. उलट जाडी फारशी न बदलता मुलाने एक ओळ जास्त वाचल्याचंही दिसतं. आणि मोठ्या वयात पडदा झिजल्यामुळेही पोकळ्या सपाट होतात, तेव्हा आकडा उतरलेला दिसतो पण ती आनंदाची गोष्ट नसते. म्हणून एका आकड्यावर निकाल लावू नका. तीन प्रश्न एकत्र विचारा: पोकळ्या लहान झाल्या का, तक्त्यावर जास्त अक्षरं वाचली का, आणि घरी-शाळेत काही बदल जाणवला का? तिसऱ्या प्रश्नासाठी आधीपासूनच एखादी खूण ठरवून ठेवा. उदाहरणार्थ, घरातल्या ठरलेल्या खुर्चीवर बसून भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे त्याला वाचता येतात का, किंवा मराठीच्या पुस्तकातली कविता किती अंतरावरून वाचतो. महिन्यातून एकदा पुरे. रोज परीक्षा घेतली तर मूल अंदाजाने उत्तर द्यायला शिकतं.

काही मुलांमध्ये आणखी एक प्रकार होतो: आधी पोकळ्या कमी होतात आणि मग ड्रॉप नेमाने चालू असतानाही पुन्हा वाढतात. यात कुणाची चूक नसते. अशा वेळी डॉक्टर औषध बदलतात, काही काळ थांबवून पाहतात किंवा पोटात घ्यायच्या ॲसिटाझोलामाइडचा विचार करतात. गोळीचा मार्ग जास्त ताकदीचा, पण हातापायांना मुंग्या, भूक मंदावणं, थकवा, रक्तातलं पोटॅशियम उतरणं, मूतखडे अशी तिची किंमतही मोठी. वाढत्या वयाच्या मुलाला ती वर्षानुवर्षं देण्याआधी रक्ताच्या तपासण्या आणि बालरोगतज्ज्ञांचं मत हवंच. ड्रॉप आणि गोळी एकत्र चालू ठेवायचं कुणी आपल्या मनाने ठरवू नये.

सहा महिने ड्रॉप नीट टाकूनही ओसीटीत आणि नजरेत काहीच हललं नसेल, तर ‘चालू ठेवू, नुकसान तर नाही’ हे उत्तर मला पटत नाही. पैसे जातात, मूल कंटाळतं आणि पुढे खरंच गरजेचं औषध आलं तर तेही टाळायला लागतं. बंद करू का, असा प्रश्न स्पष्टपणे डॉक्टरांसमोर ठेवा. उलट फायदा झाला असेल तर मात्र ‘आता बरं आहे’ म्हणून आपल्या आपण थांबवू नका. ड्रॉप सोडल्यावर पाणी परत साठल्याचं पाहिलं गेलं आहे.

ड्रॉप ज्याला हात लावत नाही

मुलाची नजर सर्वात जास्त धोक्यात येते ती कडेच्या फटीमुळे. तिच्यातली रक्तवाहिनी फुटून डोळ्यात रक्त उतरणं आणि पडदा सरकणं, हे दोन धोके ड्रॉपने टळत नाहीत. अचानक काळे ठिपके किंवा जाळं दिसणं, विजा चमकल्यासारखं वाटणं, एका बाजूने सावली चढणं, एका डोळ्याने एकाएकी धूसर होणं: यांतलं काहीही झालं तर त्याच दिवशी पडद्याचे डॉक्टर असलेलं रुग्णालय गाठायचं. लहान मूल हे सांगत नाही. ते एका बाजूच्या दाराला धडकू लागतं, टीव्हीजवळ मान वाकडी करून बसतं, एखादा डोळा नव्याने तिरळा दिसू लागतो. महिन्यातून एकदा खेळाखेळात एक-एक डोळा झाकून विचारायची सवय ठेवा. आणि फट दिसते एवढ्यावरून कुणी ‘सुरक्षेसाठी’ लेझर सुचवलं तर आधी दुसऱ्या पडद्याच्या डॉक्टरांचं मत घ्या. फटीवर असं लेझर सहसा केलं जात नाही, त्याने पडदा सरकण्याचा धोका वाढू शकतो.

डोक्याला मार बसेल असे खेळ टाळायचे: कुस्ती, कबड्डी, बॉक्सिंग आणि दहीहंडीचे थर. गोविंदा पथकात सगळे मित्र असताना आपल्या मुलाला खाली उभं करणं सोपं नाही, पण इथे ढिलाई करू नका. पळणं, सायकल, पोहणं, टेनिस बॉलचं क्रिकेट, मल्लखांबाऐवजी योगासनं, हे सगळं संरक्षक चष्मा लावून, डॉक्टरांना विचारून करता येतं. मूल घरात कोंडून ठेवायचा हा आजार नाही.

शाळा

वर्गशिक्षकांना एक पानाचं पत्र द्या: मुलाचं नाव, आजाराचं नाव, पहिल्या बाकावर जागा, फळ्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणं, मोठ्या अक्षरांची प्रश्नपत्रिका. ‘लक्ष देत नाही’, ‘आळशी आहे’ ही शेरेबाजी पुष्कळदा अशा एका पत्राने थांबते. चष्म्यासह दोन्ही डोळ्यांची नजर ६/२४ ते ६/६० मध्ये असेल तर केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे दृष्टीचं अपंगत्व ४० टक्के धरलं जातं, आणि ४० टक्के ही २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या बहुतेक सवलतींची पायरी आहे. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून जिल्हा रुग्णालयात तपासणी होते आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, मिळतं. त्यावर परीक्षेत दर तासाला २० मिनिटं जादा वेळ मागता येतो. हे काम दहावीच्या वर्षावर ढकलू नका. मोबाइल-टॅबवर अक्षर मोठं करणं, भिंगाचा वापर यांसाठी रुग्णालयातल्या लो व्हिजन विभागाची चिठ्ठी घ्या. पुण्यात हडपसरचं एच. व्ही. देसाई नेत्ररुग्णालय, मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही अशा मदतीची जुनी ठिकाणं आहेत.

मामा, मावशी आणि बहीण

हा आजार आईकडून मुलाकडे येतो, त्यामुळे आईकडच्या माणसांची विचारपूस करा. मामाला किंवा आईच्या वडिलांना लहानपणापासून कमी दिसायचं का? मावसभाऊ जाड चष्मा लावूनही पुस्तक नाकाला लावून वाचतो का? ‘मामावर गेलाय’ म्हणून सोडून दिलेली गोष्ट इथे निदानाचा धागा असते. आई वाहक असेल, म्हणजे तिच्याकडे हे बिघडलेलं जनुक असेल, तर प्रत्येक मुलग्याला आजार होण्याची शक्यता निम्मी, प्रत्येक मुलगी वाहक असण्याची शक्यता निम्मी. आजार असलेल्या पुरुषाच्या सगळ्या मुली वाहक असतात, मुलग्यांना मात्र त्याच्याकडून तो येत नाही. वाहक स्त्रीची स्वतःची नजर सहसा चांगली असते, म्हणून तिला पत्ताच नसतो. यात आईचा दोष काडीचाही नाही, आणि सासरी असा सूर निघत असेल तर तो वडिलांनी तिथल्या तिथे थांबवावा.

जनुकीय चाचणी एकदाच करायची, रक्ताच्या नमुन्यावर. ती निदान पक्कं करते, धाकट्या भावाची वेळेत तपासणी होते आणि अहवाल आयुष्यभर उपयोगी पडतो. चाचणीच्या आधी आणि नंतर जनुकीय समुपदेशकाशी बोलायला मिळेल अशा ठिकाणीच ती करा. हैदराबादचं एल. व्ही. प्रसाद, चेन्नईचं शंकर नेत्रालय, मदुराईचं अरविंद इथे आनुवंशिक डोळ्यांच्या आजारांचा मोठा अनुभव आहे. बहीण वाहक आहे का, ही चाचणी घाईने लहानपणी करून टाकण्यापेक्षा ती मोठी झाल्यावर तिच्या संमतीने करावी असं मला वाटतं. तो अहवाल तिचा आहे.

जनुकोपचाराबद्दल कुणी काही सांगितलं तर

अमेरिकेत २०१५ पासून निरोगी आरएस-१ जनुक डोळ्यात सोडण्याच्या चाचण्या झाल्या. आधीच्या चाचण्यांत औषध डोळ्याच्या पोकळीत टोचलं होतं. त्यातल्या एका कंपनीच्या चाचणीत फायदा न दिसल्याने ती पुढे गेली नाही, आणि डोळ्याला आतून सूज येण्याची अडचणही पुढे आली. नंतर ॲट्सेना नावाच्या कंपनीने पडद्याच्या खाली औषध सोडून ते पसरवण्याची नवी पद्धत मुलांवर आणि मोठ्यांवर तपासायला घेतली. काम चालू आहे आणि म्हणूनच जनुकीय अहवाल, दर वर्षीची ओसीटी आणि ईआरजी जपून ठेवायची. चाचणीत घेताना हेच कागद मागतात.

या आशेवर धंदा करणारेही आहेत. ‘स्टेम सेलने पडदा बरा करतो, चार लाख भरा’ असं कुणी म्हणालं तर तिथून उठा. डोळ्याच्या आनुवंशिक आजारांसाठी स्टेम सेल विकत देण्याला आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत मान्यता नाही. खरी चाचणी सीटीआरआय या भारताच्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीत नाव टाकून शोधता येते, नोंदणी क्रमांक असतो, नीतिसमितीची परवानगी असते, संमतीपत्र मराठीत मागता येतं आणि प्रयोगातल्या औषधाचे पैसे रुग्णाकडून घेतले जात नाहीत. सांगणाऱ्याकडे तो नोंदणी क्रमांक मागा.